दोन तारांवर वीस गॅस डिटेक्टर: जोडणी नेमकी कुठे फसते

तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा एमआयडीसींमधल्या कुठल्याही रासायनिक कारखान्यात शिरा. पंपाशेजारी, रिअॅक्टरखाली किंवा सॉल्व्हंटच्या टाक्यांभोवती खांबाला अॅल्युमिनियमची जाडजूड डबी बसवलेली दिसेल आणि तिच्या खाली तोंड केलेला सेन्सर. हाच गॅस डिटेक्टर. आत कुठला सेन्सर आहे यावर तो काय हुंगतो ते ठरतं: टोल्युइनची वाफ, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड. पेट घेणाऱ्या वायूंसाठी आकडा 'एलईएल'च्या टक्क्यांत येतो. मिथेन हवेत साधारण ५ टक्के झाला की ठिणगीने पेटू शकतो. ती पातळी म्हणजे १०० टक्के एलईएल. अलार्म मात्र पुष्कळ आधी, बहुधा २० टक्क्यांच्या आसपास वाजवायचा असतो. विषारी वायूंचं मोजमाप पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग वायू, असं होतं.

डिटेक्टर निवडायचा कसा आणि बसवायचा कुठे, यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. अमोनिया हलका म्हणून सेन्सर वर, एलपीजी जड म्हणून खाली, वगैरे. त्या डबीतून आकडा कंट्रोल रूमपर्यंत पोहोचतो कसा, हे बहुतेकदा पॅनलवाल्यावर आणि केबल ओढणाऱ्या ठेकेदारावर सोडून दिलेलं असतं. निम्म्या कटकटी तिथेच सुरू होतात.

जुनी पद्धत आणि तिचा एक मोठा गुण

जुनी पद्धत म्हणजे ४-२० मिलिअँप. प्रत्येक डिटेक्टरला स्वतःची वेगळी केबल. गॅस नसेल तर तारेतून ४ मिलिअँप वाहतात, पूर्ण स्केलला २०. शून्य गॅसला शून्य करंट का ठेवला नाही, याचं उत्तर सोपं आहे. तार तुटली तर करंट खरोखरच शून्य होतो, आणि पॅनलला लगेच कळतं की इथे 'गॅस नाही' असं नसून 'तारच नाही'. डिटेक्टरला स्वतःत बिघाड जाणवला तर तोही करंट ३.६ मिलिअँप किंवा त्याखाली नेऊन तसं सांगू शकतो. तुटलेली तार आपोआप बोंब मारते. हा गुण लक्षात ठेवा, पुढे तोच हरवणार आहे.

अडचण केबलच्या खर्चाची. समजा २० डिटेक्टर आहेत आणि कंट्रोल रूमपासून ते सरासरी ३०० मीटरवर आहेत. म्हणजे ६,००० मीटर आर्मर्ड केबल, ४० ग्लँड (केबल डबीत शिरते तिथली घट्ट पकड), केबल ट्रेमध्ये गर्दी, पीएलसीवर (पॅनलमधला नियंत्रण करणारा संगणक) २० अॅनालॉग इनपुट. त्याऐवजी ५०० मीटरची एकच केबल टाकून सगळे डिटेक्टर तिच्यावर ओवले तर? सीरियल नेटवर्क ते हेच. कारखान्यांत त्याची सर्वांत रुळलेली जोडी म्हणजे तारांच्या पातळीवर आरएस-४८५ आणि भाषेच्या पातळीवर मॉडबस आरटीयू. मॉडबस १९७९ साली मॉडिकॉन कंपनीने आपल्या पीएलसींसाठी काढली. आरएस-४८५चं मानक १९८३चं. दोन्ही म्हातारी झाली तरी कामातून गेलेली नाहीत.

भाषा अगदी साधी आहे. शाळेत बाई हजेरी घेतात तसं. पॅनलमधला पीएलसी, म्हणजे मास्टर, एकेक नंबर पुकारतो आणि ज्याचा नंबर असेल तोच डिटेक्टर उत्तर देतो. न पुकारता कोणी बोलायचं नाही. नंबर १ ते २४७ पर्यंत देता येतात. दोन पोरांना एकच रोल नंबर दिला तर दोघंही एकदम 'हजर' म्हणतात आणि बाईंना काहीच समजत नाही. इथेही तेच. कारखान्यातून आलेले नवे डिटेक्टर बहुधा सगळेच एक नंबर घेऊन येतात. म्हणून खांबावर चढवण्याआधी, टेबलावर, एकेकाला २४ व्होल्ट देऊन नंबर टाकावा आणि डबीवर पक्क्या शाईने लिहावा. वर चढल्यावर नंबर बदलायचा म्हणजे शिडी, परमिट आणि अर्धा दिवस.

दोन तारा, आणि एक न दिसणारी तिसरी

आरएस-४८५ मध्ये एका पेअरमधल्या दोन तारांवर नेहमी उलटसुलट व्होल्टेज असतं. घेणारी चिप फक्त दोघांतला फरक पाहते. तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असला की तिला कळतं. पाठवणारी चिप किमान १.५ व्होल्टचा फरक देते. एवढी सवड असल्यामुळे आणि दोन्ही तारा पीळ दिलेल्या असल्यामुळे बाहेरचा त्रास दोघींवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. म्हणून मोटरच्या शेजारूनही हा सिग्नल बऱ्यापैकी जातो. कमी वेगाला १,२०० मीटरपर्यंत अंतर चालतं. एका लाइनवर मूळ हिशेबाने ३२ उपकरणं बसतात, आजच्या चिपांवर त्याहूनही जास्त. तरीही गॅस डिटेक्टर एका लाइनवर १५-२० च्या वर नेऊ नयेत असं माझं मत आहे. एक केबल तुटली तर किती डोळे मिटणार, हा प्रश्न चिपच्या क्षमतेपेक्षा मोठा आहे.

टर्मिनलवर ए आणि बी लिहिलेलं असतं, पण सगळ्या कंपन्या ती अक्षरं एकाच अर्थाने वापरत नाहीत. एकाचा ए म्हणजे दुसऱ्याचा बी असू शकतो. एखादाच डिटेक्टर उत्तर देत नसेल तर आधी त्याच्या दोन तारा अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

केबल एका डिटेक्टरकडून पुढच्याकडे अशी ओळीने न्यायची. मधल्या जंक्शन बॉक्समधून चार दिशांना चार फांद्या काढायच्या नाहीत. लाइनच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त तिथेच, दोन तारांमध्ये १२० ओमचा रेझिस्टर लावायचा, म्हणजे सिग्नल टोकावर आपटून परत येत नाही. खरं सांगायचं तर ९,६०० बॉडला (सेकंदाला ९,६०० बिट) हा रेझिस्टर विसरला तरी लाइन बहुधा चालते. एक बिट तब्बल १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि ५०० मीटर जाऊन परत यायला सिग्नलला पाचेक मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी कधीच विरलेला असतो. उलटा घोटाळा जास्त पाहायला मिळतो. काही डिटेक्टरांत हा रेझिस्टर आतच असतो, जंपर लावला की चालू. वीसही डबींत जंपर लागलेले असले तर दोन तारांमध्ये उरतात ६ ओम, आणि एवढं ओझं कुठलीच चिप ओढू शकत नाही. हे तपासायला ऑसिलोस्कोप लागत नाही. सप्लाय बंद करून पॅनलपाशी दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. ६० ते ७० ओम आले तर ठीक. १२० च्या आसपास आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही किंवा मध्ये केबल तुटलेली आहे. वीस-तीस आले तर जंपर शोधत फिरा.

लाइनवर कोणीच बोलत नसतं तेव्हा दोन्ही तारा सैल पडतात आणि घेणाऱ्या चिपला हवेतलेच आवाज ऐकू येऊ लागतात. त्यासाठी एका तारेला ५ व्होल्टकडे आणि दुसरीला शून्याकडे हलकंसं ओढणारे दोन रेझिस्टर लावतात, साधारण ५६० ओमचे. हिशेब केला तर दोन तारांमध्ये पाव व्होल्ट राहतो, म्हणजे ०.२ च्या जरा वर. हे संपूर्ण लाइनवर एकाच ठिकाणी असावेत, पॅनलमध्ये.

आता ती तिसरी तार. आरएस-४८५ ला 'टू वायर' म्हणतात म्हणून पुष्कळ लोक खरोखर दोनच तारा नेतात. पण पाठवणारा आणि घेणारा यांच्या निगेटिव्हमध्ये साधारण ७ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर चिपला काही वाचता येत नाही. म्हणून दोन्हीकडचा निगेटिव्ह जोडणारी एक सामाईक तार हवीच. मॉडबसच्या मानकातही ती सांगितलेली आहे. गॅस डिटेक्टरच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत जास्त नडतो. कारण डिटेक्टर करंट खातो.

हिशेब करंटचा

तापमानाचा एखादा ट्रान्समीटर थोड्याशा मिलिअँपवर जगतो. ज्वलनशील वायूच्या डिटेक्टरमध्ये मात्र बऱ्याचदा तापवलेला मणी असतो. तो, डिस्प्ले आणि रिले (विजेने चालणारा स्विच) मिळून तीन-चार वॅट सहज जातात. समजा एक डिटेक्टर ३.६ वॅटचा आहे, म्हणजे २४ व्होल्टला १५० मिलिअँप. असे दहा डिटेक्टर ५०० मीटर दूरच्या टँक फार्मवर आहेत. एकूण ३६ वॅट, दीड अँपिअर. ऐकायला किरकोळ वाटतं.

२.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ७.४ ओम. ५०० मीटरची एक तार म्हणजे ३.७ ओम. दीड अँपिअरला जाताना ५.६ व्होल्ट पडले, येताना आणखी ५.६. टोकाला उरले १३ व्होल्टच्या आत. डिटेक्टरला किमान १८ लागत असतील तर तो सुरूच होणार नाही. बरं, ४ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर? किलोमीटरला ४.६ ओम, दोन्ही तारा मिळून ४.६ ओम, ड्रॉप ६.९ व्होल्ट, टोकाला १७ उरतात. थोडक्यात हुकलं, असं वाटेल.

प्रत्यक्षात थोडक्यात हुकत नाही. आजच्या बहुतेक डिटेक्टरांत स्विचिंग सप्लाय असतो आणि तो ठरावीक वॅट मागतो. व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट जास्त ओढतो. जास्त करंटने ड्रॉप आणखी वाढतो, व्होल्टेज आणखी उतरतं. २४ व्होल्टच्या सप्लायवरून ४.६ ओमच्या केबलमधून पलीकडे जास्तीत जास्त ३१ वॅट पोहोचू शकतात, काहीही करा. आपल्याला हवेत ३६. म्हणजे ही जोडणी कधीच उभी राहणार नाही. साइटवर लक्षण असं दिसतं की डिटेक्टरांचे दिवे लागतात, विझतात, पुन्हा लागतात, आणि कोणीतरी म्हणतं, 'माल खराब आलाय.'

उपाय असा: लांबच्या टोकाला २३० व्होल्ट न्यायचे आणि तिथे, सुरक्षित जागी किंवा योग्य फ्लेमप्रूफ (आतला भडका बाहेर न जाऊ देणाऱ्या) बॉक्समध्ये, २४ व्होल्टचा स्वतंत्र सप्लाय बसवायचा. २३० अर्थातच यूपीएसवरून. दोन सप्लाय आले म्हणजे दोन वेगळे निगेटिव्ह आले, म्हणून सामाईक तार विसरायची नाही. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल, तर मध्ये आयसोलेटेड रिपीटर, म्हणजे दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडून सिग्नल पुढे पाठवणारं उपकरण, टाकणं जास्त शहाणपणाचं.

आता सप्लाय जेमतेम पुरतोय अशा लाइनची गंमत पाहा. निगेटिव्ह तारेवर ३ व्होल्ट पडताहेत, म्हणजे डिटेक्टरचा 'शून्य' पॅनलच्या शून्यापेक्षा ३ व्होल्ट वर आहे. ७ च्या आत आहे, म्हणून संभाषण चाललंय, टेस्टिंग पास. प्रत्येक डिटेक्टरला हूटर आणि फ्लॅशर लावलेले आहेत आणि तेही याच दोन तारांवरून खातात. एक दिवस खरोखर गळती होते. तीन-चार हूटर एकदम वाजतात, करंट वाढतो, निगेटिव्ह आणखी उचलला जातो, टोकाचं व्होल्टेज १८ च्या खाली घसरतं आणि नेमकं त्याच क्षणी संभाषण तुटतं. वर्षभर निवांत चाललेली लाइन गॅस आल्यावरच मुकी होते. हूटर वेगळ्या पेअरवरून, वेगळ्या फ्यूजवरून द्यावेत, हे मी पॅनलवाल्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. 'एवढ्याशा हूटरने काय होतंय' हे उत्तर ठरलेलं असतं.

शून्य म्हणजे काय?

४-२० मध्ये तुटलेली तार आपोआप ओरडायची. मॉडबसमध्ये ती गप्प बसते. मास्टरने नंबर पुकारला, उत्तर आलं नाही, तर पीएलसीच्या मेमरीत गॅसचा आकडा कुठला राहणार? तसं खास सांगितलं नसेल तर बहुधा शेवटी आलेला. डिटेक्टर बंद पडण्याआधी गॅस नव्हता, म्हणून स्क्रीनवर '० टक्के', हिरवा रंग, आणि तो तसाच आठवडाभर. बऱ्याच गेटवेंमध्ये (मॉडबसचे आकडे दुसऱ्या नेटवर्कवर पोहोचवणारी उपकरणं) दोन पर्याय मिळतात: संपर्क तुटल्यास शेवटचा आकडा धरून ठेवा, किंवा शून्य करा. पाण्याच्या टाकीच्या पातळीला यातलं एखादं चालेल. गॅसला दोन्ही घातक आहेत, कारण दोन्हींत ऑपरेटरला 'सगळं ठीक' असंच दिसतं.

म्हणून प्रोग्रॅममध्ये प्रत्येक डिटेक्टरसाठी संपर्क तुटल्याचा वेगळा बिट हवा, आणि त्या बिटवर अलार्म वाजायला हवा. कोपऱ्यातला पिवळा ठिपका पुरत नाही. शिवाय डिटेक्टरकडून गॅसच्या आकड्यासोबत स्टेटसचा रजिस्टरही (डिटेक्टरच्या मेमरीतला क्रमांक दिलेला कप्पा) वाचायचा. सुरू होताना गरम होत असलेला, कॅलिब्रेशनमध्ये (माहीत असलेला गॅस देऊन आकडा जुळवणं) ठेवलेला किंवा सेन्सर मेलेला डिटेक्टर संपर्कात असतो आणि तरीही शून्य सांगू शकतो. नुसता आकडा वाचणारी सिस्टीम अर्धवट आहे.

रजिस्टरांच्या बारीक खोड्या आहेत त्या आहेतच. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेला रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने मागावा लागतो, त्यामुळे एकाने चुकून शेजारचा रजिस्टर वाचला जातो. कधी तो सेन्सरच्या तापमानाचा निघतो आणि ३१ 'टक्के' गॅस पाहून धावपळ उडते. काही डिटेक्टर १२.५ पीपीएम हा आकडा १२५ म्हणून पाठवतात. दशांश आकडे दोन रजिस्टरांत विभागून येत असतील तर त्यांचा क्रम कंपनीगणिक उलटतो. हे सगळं खऱ्या गॅसने तपासल्याशिवाय कळत नाही, कारण शून्य कसंही उलटंपालटं केलं तरी शून्यच राहतं.

वेगाची काळजी फारशी नको. ९,६०० बॉडला एक अक्षर सव्वा मिलिसेकंदाच्या आत जातं. प्रश्न आठ अक्षरांचा, दोन रजिस्टरांचं उत्तर नऊ अक्षरांचं, मधली शांतता आणि डिटेक्टरचा विचार धरून पन्नासेक मिलिसेकंद. वीस डिटेक्टरांची फेरी एका सेकंदात. पण तीन डिटेक्टर बंद असले, प्रत्येकाची एक सेकंद वाट पाहायची आणि तीनदा विचारायचं असं ठरवलेलं असलं, तर फेरी दहा सेकंदांवर जाते. बंद डिटेक्टर जिवंत डिटेक्टरांचा अलार्मही उशिरा आणतो.

याच कारणांसाठी माझा आग्रह असा की ज्या सिग्नलवर व्हॉल्व्ह बंद होणार, पंप ट्रिप होणार किंवा एक्झॉस्ट फॅन सुरू होणार, तो डिटेक्टरच्या रिलेवरून किंवा ४-२० वरून थेट तारेने न्यावा. मॉडबसवरून आकडे, नोंदी, कॅलिब्रेशनची तारीख, बिघाडाचा कोड खुशाल आणा. केबलचा खर्च थोडा वाढतो. वाढू द्यावा.

डबीचं झाकण

हे डिटेक्टर जिथे बसतात ती जागाच धोकादायक ठरवलेली असते. म्हणून डबी फ्लेमप्रूफ असते, आणि पेट्रोलियम साठवणुकीसारख्या ठिकाणी लागणाऱ्या उपकरणांना पेसोची, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशनची, मान्यता लागते. ती मान्यता डबी नीट बंद असेल तरच अर्थपूर्ण. ग्लँड त्याच दर्जाचा, न वापरलेल्या भोकाला प्रमाणित प्लग, झाकणाचा शेवटचा आटाही बसलेला. सप्लाय चालू असताना झाकण उघडायचं नाही. म्हणून तर कित्येक डिटेक्टरांना काचेबाहेरून मॅग्नेट लावून सेटिंग करायची सोय असते. साधा लॅपटॉप आणि यूएसबी कन्व्हर्टर घेऊन टँक फार्ममध्ये बसणारा इंजिनिअर हा स्वतःच एक ठिणगीचा स्रोत आहे. त्याला गॅसमुक्त प्रमाणपत्र आणि परमिट लागतं.

ओळीने नेलेल्या लाइनमध्ये प्रत्येक डबीत येणारी केबल आणि जाणारी केबल असे दोन ग्लँड येतात. एक डिटेक्टर दुरुस्तीला काढला की पुढची सगळी लाइन तुटू नये, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या तारा शेजारच्या जंक्शन बॉक्समध्ये जोडून डिटेक्टरला छोटीशी फांदी द्यावी, मीटरभराची. शील्ड, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, सगळीकडे सलग जोडलेलं, डबीच्या अंगाला न टेकणारं, आणि अर्थ फक्त पॅनलच्या टोकाला. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पॉवर केबलपासून फूटभर तरी लांब, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. कोकणात ग्लँड वरच्या बाजूने कधीच घेऊ नयेत. केबल डबीच्या खालून वळसा देऊन आणावी, नाहीतर जुलैपर्यंत डबीत पाणी. आणि मेगर (केबलचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) मारायचा असेल तर आधी पॅनल आणि सगळ्या डिटेक्टरांच्या तारा सोडवा. ५०० व्होल्टचा एक फटका लाइनवरच्या सगळ्या चिपा एकदम उडवतो.

सुरू करताना

स्वीकारण्याआधी पॅनलवाल्याला समोर उभं करून काही गोष्टी करून घ्याव्यात. सर्वांत लांबच्या डिटेक्टरवर, सगळे डिटेक्टर आणि हूटर चालू असताना, सप्लायचं व्होल्टेज मोजायचं. सकाळी एकटा चालू असतानाचं माप काही उपयोगाचं नाही. मग त्याला कॅलिब्रेशनचा गॅस द्यायचा आणि सिलिंडरवरचा आकडा, डिटेक्टरचा डिस्प्ले आणि कंट्रोल रूमचा स्क्रीन तिन्ही जुळतात का, आणि स्क्रीनवर त्याच खांबाचं नाव येतं का, ते पाहायचं. हे प्रत्येक डिटेक्टरला. पाच-सहा पाहून 'बाकीचे तसेच' म्हणू नये, कारण नंबरांची अदलाबदल बाकीच्यांतच असते.

त्यानंतर पॅनलमधून बाहेर जाणारी पेअर सोडवायची आणि घड्याळ लावून पाहायचं की संपर्क तुटल्याचा अलार्म किती सेकंदांत येतो आणि स्क्रीनवरच्या आकड्यांचं काय होतं. आकडे हिरवेच राहिले तर काम परत पाठवायचं. पेअर पुन्हा जोडली की लाइन आपणहून उठते का, तेही बघायचं. काही पीएलसी प्रोग्रॅम थोड्या अपयशांनंतर त्या डिटेक्टरला कायमचं वगळतात आणि पुन्हा पुकारतच नाहीत.

सगळं झालं की सप्लाय बंद करून मोजलेले ओम, लांबच्या टोकाचं व्होल्टेज, दोन्हीकडच्या निगेटिव्हमधला फरक, बॉड, पॅरिटी (चूक पकडणाऱ्या बिटची सेटिंग) आणि कुठल्या खांबाला कुठला नंबर, एवढं कागदावर लिहून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. दोन वर्षांनी लाइन अडखळायला लागेल तेव्हा आज ६४ ओम होते आणि आता १२१ आहेत, एवढ्यावरून दहा मिनिटांत तुटलेल्या केबलपर्यंत पोहोचता येतं.